नऊ प्रश्नांचा मंगळवार

दर मंगळवारी अकरा वाजता आमच्या घरात खोटं बोलायचा कार्यक्रम असायचा. बोलायची माझी बायको, लिहून द्यायचो मी, आणि ऐकायची जालन्याची एक पोरगी, जिचा यात काडीचाही दोष नव्हता.

मी बद्रीनाथ. तीर्थपुरीत आमचं घर आहे, थोडी जमीन आहे, ती आता बटाईने दिलीय. एकतीस वर्षं मी एका बियाणे कंपनीत फील्ड सुपरवायझर होतो. शेतकऱ्यांच्या सीड प्लॉटवर जायचं, कपाशीत भेसळीचं झाड दिसलं की उपटायला लावायचं आणि पाहणीचा कागद भरायचा. माझ्या हाताखालची काही पोरं बांधावर पाय न ठेवता परतूरच्या हॉटेलात चहा पीत कागद भरायची. सापडली की मी त्यांची बिनपाण्याने करायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी पुढे काय केलं त्याची लाज तुम्हाला नीट कळेल.

माझी बायको उषाबाई. तिच्या तोंडी लागू नये हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. बाजारच्या दिवशी तिच्या पिशवीत भाजी कमी आणि बातम्या जास्त यायच्या. कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोणाच्या पोराला मुली सांगून येईनात, भेंडी निवडता निवडता सगळा गाव निवडून व्हायचा. मधूनच माझ्यावर घसरायची. "अवो, तिथं काय दगडावानी बसलाव? लसूण तरी सोला." चाळीस वर्षं मी तिची बोलणी खाल्ली. वैतागायचो. एकदा तर देवाला म्हणालो होतो, बाबा, दोन दिवस हिला गप्प कर. देव बहिरा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास ती गप्प झाली. घरात काही घडलं नव्हतं. लोक कारण विचारतात, पण कारण सापडलं असतं तर मी ते मुळासकट उपटून बांधावर फेकलं असतं, जन्मभर दुसरं काय केलं? ती उठायची, भाकरी करायची, भांडी घासायची आणि मग पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसायची. बाजार सुटला. शेजारची मालनबाई म्हणाली, नजर लागली, लिंबू उतरून टाका. तेही केलं. लिंबू गेलं, गप्पपणा राहिला.

मग मी माझ्या परीने उपाय सुरू केले. ओला टॉवेल मुद्दाम गादीवर टाकायचो. चपला घालून थेट गॅसपर्यंत जायचो. चांगल्या झालेल्या भाजीला खारट म्हणायचो. पूर्वी यातल्या एकेका गुन्ह्यासाठी अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं असतं. आता ती टॉवेल उचलून दोरीवर टाकायची, फरशी पुसायची, भाजी बाजूला ठेवून मुकाट्याने दुसरी फोडणी घालायची. ती दुसरी भाजी माझ्या घशाखाली उतरायची नाही. बायको गेल्यावर माणसाला तिची आठवण आली तर चार लोक येऊन बसतात, समजूत घालतात. माझी बायको हातभर अंतरावर भाकरी थापत होती आणि मला तिची आठवण येत होती. हे कोणाला सांगायचं?

आमची मुलगी अर्पिता पुण्याला असते. दिवाळीला आली, दोन दिवस आईकडे बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिला नवीन जालन्यात डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन आहे, हा आजारच आहे, आळस नाही आणि बाहेरचंही काही नाही. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की गोळ्यांबरोबर बोलणंही लागतं. तीर्थपुरीहून दर आठवड्याला येणं यांना जमायचं नाही, म्हणून आमच्या दवाखान्यातली ताई फोनवरच उपचार करेल. आठ मंगळवार, दर वेळी पाऊण तास. मी मनात म्हणालो, फोनवर बोलून माणसं बरी होत असती, तर मोबाइल कंपनीच्या बायांनी एव्हाना देश ठणठणीत केला असता.

त्या ताईचं नाव दीपमाला. आवाजावरून पंचविशीतली वाटायची, पण बोलण्यात घाई अजिबात नव्हती. पहिल्याच दिवशी तिने मला नियम सांगितला. "काका, मावशी एकट्या पाहिजेत. आमचं बोलणं घरातल्या कोणी ऐकायचं नाही." बराबर, म्हणालो. आमच्या घरात रेंज मिळते ती फक्त मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी. तिथे खुर्ची टाकून दिली आणि मी पुढच्या ओट्यावर जाऊन बसलो. पण फोन कानाला धरून उषाबाईचा हात अवघडायचा, म्हणून ती स्पीकर लावायची, आणि पुढच्या ओट्यापासून मागच्या अंगणापर्यंत आमच्या घरात आरपार बोळ आहे. मी ऐकायचो. एखादा उठून लांब गेला असता. मी गेलो नाही.

सुरुवात नऊ प्रश्नांनी व्हायची. गेल्या पंधरा दिवसांत असं किती वेळा वाटलं? एकही दिवस नाही तर शून्य, काही दिवस तर एक, निम्म्याहून जास्त दिवस तर दोन, जवळजवळ रोज तर तीन. कशातच मन लागत नाही, उदास वाटतं, झोप लागत नाही, थकवा येतो, असं करत करत नवव्यापर्यंत. नववा असा होता, की आपण नसलेलंच बरं, मरून जावं, असं मनात येतं का. दोन-तीन मंगळवारांत ते प्रश्न मला क्रमाने पाठ झाले. डॉक्टरांकडे अर्पिता शेजारी बसली होती तेव्हा नऊ उत्तरांची बेरीज एकोणीस आली होती. बेरीज जितकी मोठी तितका आजार मोठा. नवव्याला मात्र तेव्हाही उषाबाईने नाही म्हणून मान हलवली होती.

आणि आता फोनवर काय? "मावशी, कशा आहात?" "मजेत. तुमी?" आमच्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. घरात मयत झाली असली तरी माणूस आधी मजेत म्हणतो आणि मग रडायला लागतो. उषाबाई मजेतवरच थांबायची.

दीपमालाने तिला एक वही करायला सांगितली होती. पूर्वी जे करायला आवडायचं त्यातलं रोज एक काहीतरी करायचं, थोडंसंच, मन नसलं तरी. मालनबाईकडे दहा मिनिटं जाऊन यायचं, बाजारात एक चक्कर मारायची. आणि काय केलं, कसं वाटलं, ते वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्याचा सोमवार आला, संध्याकाळ झाली, वही कोरी. उषाबाई वही घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"अवो, उद्या पोरीला काय सांगू? ती वाट बघून राह्यली असंल."

कित्येक महिन्यांत तिने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी विरघळलो. खिशातलं पेन काढलं आणि लिहिलं, बुधवार, मालनबाईकडे गेले, बरं वाटलं. गुरुवार, अंगणात उन्हाला बसले, बरं वाटलं. शुक्रवारी बाजारसुद्धा करून टाकला. ज्या गोष्टीसाठी एकतीस वर्षं पोरांवर डाफरलो ती मी स्वतःच्या बायकोच्या आजारात केली, आणि तीही वळणदार अक्षरात. दुसऱ्या दिवशी तिने ते सगळं वाचून दाखवलं. "बाजाराला गेल्ते," ती म्हणाली. तिकडून ती पोरगी इतकी खूश झाली की ओट्यावर बसल्या जागी माझाही जीव सुखावला. दुसऱ्या सोमवारी मी न सांगता पेन काढलं.

पाचव्या मंगळवारी दीपमाला म्हणाली, आज इंटरनेटवरून समोरासमोर बोलूया. तिने पाठवलेली लिंक मीच उघडून दिली. पडद्यावर चष्मा लावलेली एक हसरी मुलगी आली आणि खालच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन. उषाबाईने पदर सावरला, त्या चौकोनाकडे बोट दाखवलं आणि मला विचारलं, "ही कोण बाई?"

"तूच की."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "बंद करा. नुस्तं बोलू." त्यानंतर पुन्हा कधी आम्ही चित्र लावलं नाही.

एकोणीसचे चौदा झाले, चौदाचे अकरा, मग आठ, मग सहा. घरात मात्र काडी हलली नव्हती. तीच भिंत आणि तोच पलंग. गोळ्याही ती मन लागलं तर घ्यायची. अर्पिताचा फोन आला की तिलाही मजेत, आणि अर्पिता मला म्हणायची, "बाबा, आई बाजाराला जायला लागली ना? मला रडूच आलं ऐकून." आता सांगा, या पोरीला मी काय सांगणार होतो?

सातव्या मंगळवारी दीपमाला म्हणाली, "मावशी, पुढचा मंगळवार आपला शेवटचा. बेरीज पाचाच्या खाली आली की तुमचं नाव मी बरं झालेल्यांत लिहिणार. आमच्या मीटिंगमध्ये मी तुमचंच उदाहरण दिलं." तिच्या आवाजात अशी हौस होती की जणू तिच्याच आईला गुण आला होता.

त्या दिवशी दुपारी मी उषाबाईसमोर बसलो. "अर्पिताचे माय, आता तरी खरं सांग तिला. फोन बंद झाले तर पुढं काय करायचं आपुन?"

तिने पलंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "कोनाच्या घरी जेवायला बसलो अन् भाजी अळणी निघाली, तर आपुन काय म्हणतो? झाक झाली म्हणतो. ती पोरगी दर मंगळवारी माझ्यासाठी पान वाढून राह्यली. तिला कसं म्हणू, बाई, तुझ्या हाताला चव न्हाई?"

"अगं, ते जेवण न्हाई, औषध हाये."

"तुमी सांगायचं न्हाई. माझी शपथ हाये तुमाला."

शपथ आमच्याकडे हसण्यावारी नेत नाहीत. ज्याची शपथ घातली त्याच्याच जिवावर ती येते असं मानतात, आणि इथे आधीच जीव तोळामासा. तरी बुधवारी मी शेतात जाऊन, दीपमालाचा फोन यायचा त्या नंबरवर फोन लावला. या क्रमांकावर येणारे कॉल घेतले जात नाहीत, असं एक बाई शुद्ध मराठीत सांगत होती. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात होती. सोमवारी संध्याकाळी मी वही भरली, आणि भरताना माझं अक्षर पहिल्यांदा वाकडं आलं.

आठव्या मंगळवारी उषाबाई लवकर उठली. वेणी घातली, कपाटातलं चांगलं लुगडं काढून नेसली. पाहुणी कायमची निघाली की तिला निरोप द्यायला नेसतात तसं. अकराला फोन वाजला. मी ओट्यावर होतो.

प्रश्न सुरू झाले. शून्य. शून्य. एक. शून्य. धुण्याचे कपडे मोजावेत तशी ती आकडे देत होती. आठ झाले. दीपमालाने नववा विचारला, आणि उषाबाई थांबली. सात मंगळवार या प्रश्नावर ती कधी थांबली नव्हती. अंगणात चिमण्यांचा कलकलाट चालला होता तेवढाच ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "शून्य."

मी उठलो. बोळातून धावतच मागे गेलो, या वयात धावणं म्हणतात तेवढं.

"ताई, खोटं हाये," मी फोनकडे बघून ओरडलो. "समदं खोटं हाये. ती कुठंच जात न्हाई, भिंतीकडं तोंड करून बसती. वही मी भरली. साती आठवडे मीच भरली, अन् तिथं ओट्यावर बसून तुमचं ऐकतबी व्हतो."

उषाबाईने माझ्याकडे पाहिलं. "शपथ घातली व्हती तुमाला."

"मोडली," मी म्हणालो.

"पोरीला वंगाळ वाटलं असंल ना वो," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला वाटलं रेंज गेली. मग दीपमाला बोलली. "हो मावशी, वाईट वाटलं. मी कशाला खोटं बोलू? पण मला वाईट वाटलं तर ते मी बघून घेईन. आठ आठवडे तुम्ही माझी काळजी करत बसलात. ती नोकरी माझी होती, तुमची नव्हती." मग मला म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर जा. मावशी, स्पीकर बंद करा, फोन कानाला लावा. हात अवघडला तर दुसऱ्या हातात घ्या. आपण परत पहिल्या प्रश्नापासून सुरू करू."

मी ओट्यावर येऊन बसलो. या वेळी खरोखरच ऐकायचं नव्हतं मला. पण प्रश्न ऐकू येत नव्हते तरी उत्तरं येत होती, आणि प्रश्न मला पाठ होते.

"तीन," उषाबाई म्हणाली. कशात मन लागत नाही.

"तीन." उदास वाटतं.

"दोन... न्हाई, तीन लिहा." झोप. रोज रात्री ती माझ्याकडे पाठ करून पडायची आणि मला वाटायचं, झोपली.

मी बोटांवर मोजत गेलो. आठवं बोट मिटलं. मग पुन्हा ती मघासारखी थांबली. मी कानांवर हात ठेवायला हवे होते. ठेवले नाहीत.

"दोन," ती म्हणाली.

दोन म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस. म्हणजे मी गादीवर ओला टॉवेल टाकून ती ओरडायची वाट बघत होतो तेव्हा, आणि भाजीला खारट म्हणालो तेव्हासुद्धा, ती हे मनात घेऊन दुसरी फोडणी घालत होती. आणि मी रोज बरं वाटलं, बरं वाटलं असं लिहीत होतो. मी ओट्यावर बसून रडलो. रस्त्याने माणसं जात होती, त्यांनी बघितलं असेल तर बघू दे.

मग उषाबाईचा आवाज खाली गेला आणि ती बोलत राहिली. शब्द कळत नव्हते, पण एवढं सलग बोलताना मी तिला पोळ्यापासून ऐकलं नव्हतं. पाऊण तास कधीच संपून गेला होता. शेवटी तिने हाक मारली, "अवो, या हिकडं. ती बोलावती."

दीपमालाने मला एकेक गोष्ट सांगितली आणि माझ्याकडून परत वदवून घेतली. मावशींना एकटं ठेवायचं नाही. फवारणीची औषधं घरात असतील तर ती आजच दुसरीकडे हलवायची. गोळ्या तुमच्या हाताने द्यायच्या. ती आत्ता डॉक्टरांशी बोलणार होती आणि उद्या सकाळी आम्ही जालन्याला यायचं होतं. "आणि मंगळवार बंद होणार नाहीत, काका. परत एकपासून मोजू. वही मावशीच भरतील. कोरी राहिली तर आपण कोरी वाचू."

फोन बंद झाला. औषधाचे दोन डबे होते, ते मी लगेच मालनबाईच्या कोठीत नेऊन ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली तिच्याच हवाली केली. तोवर मालनबाई उषाबाईजवळ येऊन बसली होती. ती गेल्यावर मी धुण्याच्या दगडावर टेकलो. उषाबाई खुर्चीत होती. चांगल्या लुगड्याचा पदर तिने डोळ्यांना लावून लावून ओला केला होता.

"अवो," ती म्हणाली, "गोळ्या खाईन मी. फोनवर खरं बोलीन. पण ती पहिली उषा माघारी आलीच न्हाई, तर?"

येईल गं, असं अगदी जिभेवर आलं. तेवढं बोलायची मला सवयच झाली होती. मी ते गिळलं.

"ठाव न्हाई मला," म्हणालो. "पण लई आठवण येती तिची."

तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. खूप दिवसांनी कोणीतरी मला बघत होतं.

"मलाबी," ती म्हणाली. "मलाबी लई येती वो." आणि थोड्या वेळाने, "कशी बोलायची ती? सांगा बरं."

मी सांगायला लागलो. एक वाजून गेला तरी भाकरीची शुद्ध दोघांनाही नव्हती.